तेरावी ओळ

पुस्तक उलटं धरलं होतं त्यानं.

म्हणून तर माझं लक्ष गेलं. नाहीतर रिकार्टन रोडच्या बसस्टॉपवर, मे महिन्यातल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या तोंडच्या, दक्षिणेकडून येणाऱ्या आडव्या पावसात, पायात जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, घालून उभा असलेला माणूस म्हणजे काही बघण्यासारखी गोष्ट नव्हे. क्राइस्टचर्चमध्ये असे ढिगानं दिसतात. पण हा गडी केसांतून गळणारं पाणी बाहीनं पुसत एका करड्या, जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात डोकं खुपसून उभा होता, आणि ते पुस्तक रशियन होतं. आणि उलटं होतं.

मला गप्प बसता येत नाही. हा माझा दोष आहे असं आई म्हणते, गुण आहे असं मी म्हणते.

"एक्सक्यूज मी, युवर बुक इज अपसाइड डाउन."

त्यानं दचकून वर पाहिलं. काळेभोर डोळे, नाकाच्या शेंड्यावर पावसाचा एक थेंब. "ओ… थँक्स," म्हणत त्यानं पुस्तक फिरवलं आणि स्वतःशीच पुटपुटला, "सुलट धरून तरी काय दिवे लागणार आहेत!"

मला इतकं हसू आलं की छत्रीच कलंडली.

"मराठी?" तो म्हणाला.

"मराठी. आणि रशियनही, थोडंसं. द्या इकडे."

माझं रशियन म्हणजे बाबांच्या महत्त्वाकांक्षेतून उरलेली गोष्ट. मुलीनं रशियात जाऊन डॉक्टर व्हावं असं त्यांच्या मनात आलं आणि नववीपासून पाच वर्षं मला पुण्यात रशियनच्या क्लासला घातलं. डॉक्टर काही मी झाले नाही, सिव्हिल इंजिनीअर झाले. भूकंपानंतर हे शहर पुन्हा बांधायला माणसं हवी होती, तेव्हा इथे आले. रशियन मात्र डोक्यात राहून गेलं, पाहुणे गेल्यावर घरात राहिलेल्या छत्रीसारखं.

"इग्नाती वेरेस्निन," मी मुखपृष्ठ वाचलं. "कोण हा?"

"कवी. शंभर वर्षांपूर्वीचा. प्रतीकवादी." त्याचा चेहरा एकदम उजळला. "एका जुन्या संग्रहात याच्या तीन कविता इंग्रजीत वाचल्या. तेव्हापासून झोप नाही. पण वाचताना सारखं वाटतं, अनुवादकानं मधलं काहीतरी खाल्लंय. म्हणून मूळ पुस्तक मागवलं. मला वाटलं, डिक्शनरी घेऊन बसलो की जमेल…"

"उलटी धरून?"

तो हसला. हसताना त्याचा डावा गाल आधी हसतो आणि उजवा मागून येतो. हे मला त्या दिवशीच दिसलं आणि तिथेच खरं तर सगळं आटोपलं होतं. पण ती गोष्ट वेगळी.

दोन बस आल्या आणि गेल्या. तिसरी येईपर्यंत मला एवढं कळलं होतं की त्याचं नाव गंधार, दिवसा तो सॉफ्टवेअर करतो, उरलेल्या वेळात कविता लिहितो, चार मासिकांत त्या छापून आल्या आणि त्यातली दोन मासिकं पुढे बंद पडली.

"तुमच्यामुळे?"

"तशी चर्चा आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

* * *

आमची पद्धत मीच ठरवली. क्लासच्या बाई सांगायच्या, रशियन लोक परभाषेतल्या कवितेचं काम दोघांत वाटून घेतात. भाषा जाणणारा प्रत्येक ओळीखाली शब्दाला शब्द लिहून देतो. त्या कच्च्या मालावरून कवी कविता रचतो. मग काय, दर शनिवारी सकाळी गंधार आमच्या रिकार्टनच्या फ्लॅटवर येऊ लागला. त्यानं पाठवलेल्या पानांच्या फोटोंवरून मी आठवडाभरात वहीत दोन-तीन कविता उतरवून ठेवायच्या. वर रशियन ओळ, खाली माझे मराठी शब्द, जसे येतील तसे.

"'खिडकी – निळी – तिच्यात – दिवा – आणि – खाली – बर्फात – मी,'" त्यानं पहिल्याच शनिवारी वाचलं. "हे तर बांधकामाचं सामान आणून टाकल्यासारखं वाटतंय."

"मी इंजिनीअर आहे. सामान टाकणं माझं काम, घर तुम्ही बांधा."

"आणि हा निळा रंग सारखा का येतो, कळलं का तुम्हाला? निळा म्हणजे जे मिळणार नाही ते."

"आमच्या प्लॅनवर निळा म्हणजे पाण्याचा पाइप."

वेरेस्निनची गोष्ट थोडक्यात अशी. समोरच्या घरात एक बाई राहायची. तिच्या खिडकीत संध्याकाळी दिवा लागायचा. हे महाशय खाली बर्फात उभे राहून तो दिवा बघायचे आणि घरी जाऊन कविता लिहायचे. चाळीस कविता! धुकं, घंटा, निळा, आणखी निळा. चाळीस कवितांत ती बाई एक शब्द बोलत नाही, आणि यानं तिचं नावसुद्धा विचारलेलं नाही. गंधारच्या मते हे थोर होतं. माझ्या मते या माणसाला कुणीतरी मागून ढकलायला हवं होतं.

"तुम्ही फार रोखठोक आहात," गंधार म्हणायचा.

"आणि तुम्ही फार धुकट."

तिसऱ्या शनिवारी आई मध्ये पडली. आई, म्हणजे सुरेखा आपटे, सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती आणि त्यातले सहाच्या सहा महिने तिला माझ्या लग्नाचं बघायचं होतं. "अहो-जाहो किती दिवस चालणार तुमचं? वाढताना मला अवघडल्यासारखं होतं. एकमेकांना अरे-तुरे करा आणि जेवून घ्या."

तेव्हापासून आम्ही अरे-तुरे करू लागलो आणि गंधार जेवूनच जाऊ लागला.

जून गेला, जुलै आला. सकाळी गाड्यांच्या काचांवर बर्फाचा पातळ थर जमायचा, गंधार हात चोळत वर यायचा, टोपी काढायचा आणि त्याचे केस उभेच्या उभे. मी वही पुढे सरकवायची. तो वाचायचा, ओठ हलवायचा, पेन्सिल कानामागे खोचायचा आणि विसरून सगळ्या टेबलावर शोधायचा. मग एकदम… एकदम माझ्या त्या विटा-सिमेंटमधून एखादी ओळ उभी राहायची, आणि तो ती मला हळू आवाजात म्हणून दाखवायचा. वहीकडे न बघता. माझ्याकडे बघत.

मग खाली बघायचा. चहा प्यायचा. आणि घरी जायचा.

"हा मुलगा आठवडे न् आठवडे येतोय," आई म्हणाली, "आणि कवितेचं एक पान संपत नाही याचं?"

"चाळीस आहेत, आई."

"मी कवितांचं म्हणत नाहीये."

* * *

जुलैच्या शेवटच्या शनिवारी तो जिना उतरता उतरता थांबला. मी दारात होते. बाहेर रिमझिम. त्यानं टोपी हातात फिरवली, एकदा सुलट, एकदा उलट.

"उत्तरा… एक विचारायचं होतं."

मी दार पुरतं उघडलं.

"विचार ना."

"तू म्हणजे… कधीपासून विचारीन म्हणतोय… पण तुला कसं वाटेल…"

"गंधार, विचार."

त्यानं श्वास घेतला. "ते अठ्ठाविसाव्या कवितेत 'मृगजळ' शब्द चालेल का?"

मी दार लावलं. आपटलं म्हटलं तरी चालेल.

आणि तडक टेबलाशी बसून एकतिसावी कविता उतरवायला घेतली. त्यात वेरेस्निन त्या बाईच्या दाराशी येतो. चाळीस कवितांत पहिल्यांदाच! पायरी चढतो, हात वर करतो… आणि तो हात तसाच कोटाच्या खिशात परत ठेवतो. बारा ओळी. कविता संपली.

माझी नाही संपली. त्या बाराव्या ओळीखाली मी माझ्या मनची तेरावी ओळ लिहिली: "दार – नुसतं – लोटलेलं – होतं. हात – का – नाही – लावलास?"

मला वाटलं, तो हसेल. पुस्तक त्याच्याकडेच होतं. छापलेल्या ओळी बारा, वहीत तेरा, लहान मूलसुद्धा मोजेल. मग तो विचारेल, ही कुठून आली, आणि मी सांगेन कुठून आली. माझा बेत इतका साधा होता.

त्यानं मोजलंच नाही.

पुढच्या शनिवारी तो आला तो थेट वही घेऊनच बसला. ओठ हलले, पेन्सिल कानामागे गेली. तासाभरानं त्यानं मान वर केली, तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"ती बोलली," तो म्हणाला. "उत्तरा, ती बोलली! तीस कविता गप्प राहून इथे… ऐक." आणि त्यानं शेवट म्हणून दाखवला:

"हात उचलला, आणि तसाच
कोटाच्या खिशात ठेवून दिला.
'दार तर नुसतं लोटलं होतं…
हात का नाही रे लावलास?'"

तो 'रे' त्याचा. माझ्या सामानात नव्हता. माझी ओळ त्याच्या आवाजात ऐकली मी. मी सांगायला हवं होतं, तेव्हाच, तिथेच. मी सांगितलं नाही. एक तर तो इतका आनंदात होता. आणि दुसरं, मला ती ओळ पुन्हा ऐकायची होती. पंधरा दिवस मी काही बोलले नाही. त्या पंधरा दिवसांसाठी माझ्याकडे कसलीही सबब नाही.

* * *

सोळा ऑगस्टला गंधार जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आला. हातात फोन.

"शिरीषसरांचा मेल आलाय!"

शिरीषसर म्हणजे पुण्यातल्या एका दिवाळी अंकाचे संपादक. गंधारनं त्यांना पाच कविता पाठवल्या होत्या आणि सोबत एक लेख. लेखाचं मला माहीत नव्हतं.

"सहा पानं देतायत, उत्तरा. सहा! आणि या विभागाला नाव काय देतायत माहितीये? 'हात का नाही लावलास?' मुखपृष्ठावर टाकणार आहेत. लेख पण घेतला. लेख पूर्ण त्या एका ओळीवरच आहे, की आयुष्यभर गप्प ठेवलेल्या बाईला कवी फक्त एकदा बोलू देतो, आणि तिथून त्याच्या सगळ्या कवितेचा अर्थ फिरतो… तीन वर्षांत मी एवढं चांगलं काही लिहिलेलं नाही."

आई तव्यावर थालीपीठ थापत होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, गॅस बारीक केला आणि शाल घेतली. "मी जरा डेअरीत जाऊन दूध आणते."

फ्रिजमध्ये दुधाच्या दोन बाटल्या होत्या.

दार लागलं. मी म्हणाले, "गंधार, पुस्तक काढ. एकतीस नंबर काढ. ओळी मोज."

"का?"

"मोज."

त्यानं पान उघडलं. बोट ठेवून मोजायला लागला. मी त्याच्या बोटाकडे बघत होते. बारावर बोट थांबलं. खाली कोरा कागद होता. त्यानं पान उलटलं, पुन्हा मागे आला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"शेवटची ओळ माझी आहे," मी म्हणाले. "ती बोलत नाही. चाळीस कवितांत एकदाही नाही."

त्यानं बोट पानावरून उचललं. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे माझा लेख…"

"हो."

"तू माझी थट्टा केलीस?"

"थट्टा नव्हती ती. मला वाटलं तू मोजशील."

"मी का मोजीन?" आता त्याचा आवाज चढला. "तू दिलं होतंस! तू दिलेल्या शब्दावर मी कधी शंका घेतली का? मला त्या भाषेतलं एक अक्षर येत नाही, उत्तरा. मी आंधळा आहे तिथे. तुझा हात धरून चाललो होतो."

तो बरोबर होता. मी म्हणाले, "शिरीषसरांना मी लिहिते. चूक माझी आहे असं सांगते."

"नको. खाली नाव माझं आहे. मीच सांगेन." त्यानं टोपी घातली, पुस्तक उचललं. वही टेबलावरच ठेवली.

आई परत आली तेव्हा हातात दूध नव्हतं. "गेला? न खाता?"

मग मला रडू आलं. आईनं थालीपीठ माझ्या ताटात वाढलं, त्यावर लोणी घातलं आणि समोर बसून राहिली. "काय केलंस?" मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "चुकलीसच," ती म्हणाली. "पण ओळ चांगली आहे."

* * *

चार दिवस फोन नाही, मेसेज नाही. मी दोनदा लिहिला: "माझं चुकलं. पुन्हा असं होणार नाही." दोन निळ्या खुणा आल्या असत्या तर बरं वाटलं असतं, त्याही नाहीत.

बुधवारी आमच्या साइटवर पायाचं काँक्रीट पडत होतं. तीन ट्रक रांगेत, सगळीकडे नारिंगी कोन, वरून भुरभुर पाऊस. तेवढ्यात माझ्या रेडिओवर गेटवरचा ग्रॅहम बोलला. "किया ओरा, उत्तरा. एक जण तुला भेटायला आलाय. रजिस्टरमध्ये भेटीचं कारण 'पोएट्री' लिहिलंय. आपल्याकडे याला कोड नाहीये."

"हेल्मेट दे त्याला," मी म्हणाले. "मी येतेय."

गंधार गेटच्या आत उभा होता. डोक्यावर एक माप मोठं पांढरं हेल्मेट, अंगावर नारिंगी जाकीट, पायात साइटचे उसने बूट. कुठलाच प्रतीकवादी इतका विनोदी दिसला नसेल. पण मला हसू आलं नाही. मला फार भीती वाटत होती.

"शिरीषसरांशी बोललो," तो म्हणाला. "तासभर. खूप रागावले. लेख काढला. सहा पानांची दोन झाली. एकतिसावी कविता बारा ओळींची जाईल."

"सॉरी, गंधार. मनापासून."

"थांब. आधी मला बोलू दे, नाहीतर माझ्या तोंडून पुन्हा मृगजळ निघेल." हेल्मेट डोळ्यांवर आलं, ते त्यानं मागे ढकललं. "राग आला होता. अजून थोडा आहे. पण तू सांगायच्या आधीचे पंधरा दिवस मला वेगळाच राग येत होता. वेरेस्निनचा. मला त्याचा हेवा वाटायचा, उत्तरा. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस, नुसता बर्फात उभा राहतो, आणि त्याला एक बाई असं म्हणते! मला वाटायचं, आपल्याला असं कुणी कधी म्हणेल का… आणि शनिवारी कळलं की त्याला कुणी काही म्हटलेलंच नव्हतं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "त्याचा अर्थ लागायला मला चार दिवस लागले. मी जरा मंद आहे."

"आहेस."

"कुणाला म्हटलं होतंस ते?"

"माहीत असताना विचारू नकोस."

"नाही. इतके शनिवार तू मला शब्दाला शब्द देत आलीस. हेही तसंच दे. काही घालू नकोस, काही गाळू नकोस."

पाऊस हेल्मेटवर टकटक वाजत होता. मागे पहिला ट्रक रिकामा होऊन दुसरा पुढे येत होता. माझे हातमोजे सिमेंटनं भरलेले, नाक लाल, केस चिकटलेले. मी वर बघितलं आणि म्हणाले, "मला – तू – आवडतोस – खूप. क्रम तुझा तू लाव."

त्याचा डावा गाल आधी हसला. मग उजवाही.

"मला तू खूप आवडतेस," तो म्हणाला. "माझ्याशी लग्न करशील?"

धुकं नाही, घंटा नाही, एकही रंग नाही. मी वाट बघितली, पुढे काही मृगजळ येतंय का ते. नाही आलं. तो माझ्याकडे बघत होता, आणि या वेळी त्यानं खाली पाहिलं नाही.

"हो," मी म्हणाले.

नेमका तेव्हाच दुसऱ्या ट्रकचं पिंप घरघर फिरायला लागलं. गंधारनं कानामागे हात धरला, चेहरा कावराबावरा. "काय? काय म्हणालीस?"

तेव्हा मी हेल्मेट काढलं, नियम मोडून, सगळ्या साइटसमोर, आणि दुसऱ्यांदा अशी ओरडले की ग्रॅहमनं रेडिओवरून विचारलं, सगळं ठीक आहे ना.